जोड बघून लावा

माणसाला ‘तू या कामात कच्चा आहेस’ असं तोंडावर सांगितलं तर तो भांडायला उठतो. गोल्फ खेळणारा माणूस मात्र आपण नेमके किती कच्चे आहोत याचा आकडा स्वतःच खिशात घेऊन हिंडतो. आकडा साधासुधा नाही, दशांश चिन्हासकट. ‘माझा हँडिकॅप एकवीस पॉइंट चार’ हे वाक्य तो अशा थाटात उच्चारतो, की न कळणाऱ्याला वाटावं, याचं काहीतरी एकवीस एकरांवर पसरलेलं आहे. त्याचा खरा अर्थ एवढाच, की पक्क्या खेळाडूचं काम जिथे बहात्तर फटक्यांत भागतं तिथे या गृहस्थांना त्र्याण्णवच्या आसपास लागतात, आणि तेही दिवस चांगला गेला तर.

नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर, एसटीच्या रांगेत अजून नगरच) गोल्फ म्हणजे लष्कराच्या कुंपणापलीकडची गोष्ट. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे १९४८ पासून आहे आणि रणगाड्यांचं संग्रहालय १९९४ पासून. त्यामुळे नगरकर पोरांना सुट्टीत नेऊन रणगाडा दाखवतो. गोल्फचा चेंडू त्याने स्वतःही कधी हातात धरलेला नसतो. शिवाय पाथर्डी-जामखेडकडे उन्हाळ्यात टँकरच्या खेपा मोजणाऱ्या माणसाला, अठरा भोकांसाठी एवढं हिरवंगार गवत पोसायचं आणि ते गुरांना न घालता त्यावर चेंडू मारायचा, हे सांगायची सोयच नाही.

आमच्या घरात हा खेळ शिरला तो पुण्याच्या भाच्याबरोबर. त्याच्या कंपनीतले मोठे साहेब गोल्फ खेळतात, म्हणून त्यांच्या हाताखालचे खेळतात, म्हणून त्यांच्याही हाताखालचा हा खेळतो. एका दिवाळीला तो हातभर उंचीचा करंडक घेऊन आला. “मामा, सी डिव्हिजनमध्ये पहिला आलो!”

आमची आई, म्हणजे त्याची आजी, वाती वळत होती. तिने मान वर केली. “म्हणजे क तुकडीत?”

“हो, तसंच काहीसं.”

“मग अ तुकडीत का नाही बसवलं तुला?”

भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आजीचं काही चुकलं नव्हतं. आमच्या शाळेत अ तुकडी हुशारांची, ब तुकडी बऱ्यांची, आणि क तुकडीत ज्यांच्याबद्दल गुरुजींनी आशा सोडलेली होती अशांची भरती असे. क तुकडीत कुणीतरी पहिला येतच असणार. हिशेबाने यायलाच पाहिजे. पण त्याचा कधी सत्कार झाल्याचं ऐकिवात नाही. गोल्फवाले तो करतात. निराश जमातीतल्या उत्तमाला करंडक देतात, फोटो काढतात, टाळ्या वाजवतात. हे कळल्यापासून या खेळाबद्दल माझं मत एकदम चांगलं झालं.

भाच्याने मग सगळं समजावून सांगितलं. अठरा भोकं, प्रत्येकासाठी ठरलेले फटके, सगळे मिळून साधारण बहात्तर. त्याला म्हणायचं पार. ज्याचा हँडिकॅप अठरा, त्याने नव्वद मारले तरी त्यातून अठरा वजा करून बहात्तर लिहायचे. म्हणजे पुण्यातला कारकून आणि त्याचा जनरल मॅनेजर एकाच मैदानात बरोबरीने उतरू शकतात. हे ऐकून मी विचारलं, “आधीच फटके वजा करून सगळ्यांना सारखं केलंय, मग वर पुन्हा ए, बी, सी तुकड्या कशाला?” भाचा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे आदराने बघायला लागला.

कारण गमतीचं आहे. पक्का खेळाडू रोज थोड्याफार फरकाने तेवढेच फटके मारतो. फार तर दोन-तीन इकडे, दोन-तीन तिकडे. कच्च्या खेळाडूचं तसं नाही. तो एखाद्या दिवशी एकशे दहा मारेल आणि एखाद्या दिवशी, कसं ते त्यालाही न कळता, चौऱ्याऐंशीत सुटेल. शंभर माणसं एकत्र खेळवली तर त्यातल्या कुठल्या ना कुठल्या कच्च्याचा तो दिवस नेमका त्याच दिवशी उगवतो, आणि वजाबाकी झाल्यावर तो सगळ्या पक्क्यांच्या पुढे जाऊन बसतो. वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या पक्क्याला हे सहन होत नाही. म्हणून सारख्याची सारख्याशी गाठ घालून द्यायची: इथपासून इथपर्यंत हँडिकॅपवाले एका गटात, पुढचे दुसऱ्या, उरलेले तिसऱ्या. वर पहिल्या गटाला बहुतेक ठिकाणी वजाबाकी न करता मारलेल्या फटक्यांवरच बक्षीस, म्हणजे त्यांचाही मान राहतो.

आकडा काढायची पद्धतही मन लावून बघण्यासारखी आहे. पूर्वी जगभरात सहा निरनिराळ्या पद्धती चालत. २०२० पासून इंग्लंड-स्कॉटलंडकडची आर अँड ए आणि अमेरिकेतली यूएसजीए यांनी मिळून एकच केली. शेवटचे वीस डाव घ्यायचे, त्यांतले सर्वांत चांगले आठ निवडायचे, त्यांची सरासरी काढायची. म्हणजे हा तुमचा नेहमीचा खेळ नव्हे; हा तुमच्या चांगल्या दिवसांचा खेळ. बहुतेक दिवशी माणूस स्वतःच्याच हँडिकॅपला हरतो, असा याचा अर्थ. बरं, मैदानंही सारखी नसतात. अमेरिकी नौदलात असलेल्या डीन क्नूथ नावाच्या गृहस्थांनी अवघड मैदान पक्क्यापेक्षा कच्च्याला किती जास्त छळतं याचं मोजमाप बसवलं. सर्वसाधारण मैदान एकशे तेरा, सर्वांत सोपं पंचावन्न, सर्वांत खडतर एकशे पंचावन्न. आणि कच्चेपणालाही मर्यादा आहे, चोपन्न. त्याच्यापुढे तुम्ही कितीही वाईट खेळलात तरी सरकारी हिशेबात तुम्ही चोपन्नच. माणसाच्या अब्रूची एवढी काळजी मला दुसऱ्या कुठल्या नियमपुस्तकात आढळलेली नाही.

हा सगळा व्याप आजचा म्हणावा तर तसंही नाही. १६८७ साली एडिंबरात टॉमस किंकेड नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी रोजनिशी लिहीत होता. चेंडू कसा मारावा हे लिहिता लिहिता तो याही विचारात पडला, की समोरच्याला सूट द्यायची तर किती द्यायची. पुढे स्कॉटलंडात सामने ठरायचे तेच मुळी घासाघीस करून: दर तिसऱ्या भोकाला एक फटका सोड, नाहीतर दर दुसऱ्याला सोड. या घासाघिशीत ज्याचा शब्द अखेरचा, असा एक माणूसच क्लबात नेमलेला असे. दोघांची ताकद माहीत असलेला, दोघांकडून शिव्या खाणारा, आणि तरीही दोघांना हवा असलेला. हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढे स्कॉटलंडचा तो गृहस्थ पांढरा फेटा बांधून, धोतर नेसून आणि कपाळाला बुक्का लावून उभा राहिला. अहो, हा तर आमचा हगाम्यातला पंच!

आमच्याकडे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो. मोहट्याला भरतो, कर्जतला भरतो, आणि ज्या गावाचं नाव तालुक्याबाहेर कुणी ऐकलेलं नाही तिथेही भरतो. दुपार कलली की हलगी कडाडायला लागते. सुरुवातीला रेवड्यांवरच्या कुस्त्या: पाच-सहा वर्षांची पोरं, कमरेला आईने चापूनचोपून बसवलेला लंगोट, नाकाला शेंबूड. मग नारळावरच्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस मावळता मावळता शेवटची मोठी कुस्ती. इथे तराजू नसतो, वयाचा दाखला नसतो, मागच्या वीस कुस्त्यांची नोंद नसते. असते ती पंचाची नजर. एखादा पोरगा दंड थोपटत आखाड्याला फेरी मारतो, म्हणजे मला जोड द्या. पंच गर्दीतून दुसरा पोरगा हाताला धरून ओढून आणतो, दोघांना पाठीला पाठ लावून उभं करतो, खांदे दाबून बघतो, मान चाचपतो, एखाद्याला बगलेत हात घालून वितभर उचलून खाली ठेवतो. “हां, बसतीय जोड.” दोघांचे हात हातात देतो आणि माती उधळतो. दहा-बारा सेकंदांत हँडिकॅप काढून झालेला असतो.

आणि तो चुकला तर कळायलाही दहा-बारा सेकंदच पुरतात. वजनदार पोराने हलक्याला सलामीलाच खाली घेतलं की चारी बाजूंनी गलका उठतो, “जोड बघून लावा! जोड बघून लावा!” हरलेल्या पोरापेक्षा प्रेक्षकच जास्त दुखावलेले असतात. पाच मिनिटं घामाघूम होऊन बरोबरीत सोडवलेली कुस्ती लोक वर्षभर सांगतात, दोन्ही पोरांना खिशातल्या दहा-दहाच्या नोटा देतात. झटक्यात निकाली झालेल्या विजोड कुस्तीवर कुणी रुपया लावत नाही. अर्थात पंचाची नजर म्हणजे देवाची नजर नव्हे. त्या नजरेला हा पोरगा सरपंचाचा, हेही दिसतं. सरपंचाच्या पोराला जरा मवाळ जोड मिळाल्याचं आणि परगावच्या उपऱ्याला दांडगी मिळाल्याचं मी एकाहून अधिक गावांत पाहिलेलं आहे. भाच्याच्या आकडेमोडीत निदान सरपंच नाही. पण तिथे दुसरं काही आहे.

गोल्फमध्ये आपले फटके आपणच लिहायचे, सोबतच्याने सही करायची. त्यामुळे काही धूर्त माणसं वर्षभर मुद्दाम वाईट खेळून येतात. दोन हातांवरचा चेंडू चुकवतात, हळहळतात, हँडिकॅप फुगवतात, आणि मोठ्या बक्षिसाच्या दिवशी एकदम सिंहासारखे खेळून सी डिव्हिजन लुटून नेतात. अशांना त्या जगात ‘सँडबॅगर’ म्हणतात आणि ही शिवी समजली जाते. नियम करणाऱ्यांना हा प्राणी चांगला ठाऊक आहे. वर्षभरातल्या नीचांकाच्या वर पाचांहून जास्त आकडा चढूच द्यायचा नाही, आणि कुणी आपल्या आकड्यापेक्षा सात फटके चांगला खेळला की लगेच त्याचा एक कापायचा, दहाने चांगला खेळला तर दोन कापायचे. माणूस चांगला खेळला म्हणून त्याच्यावर संशय घेणारं कलम! ते वाचून मला तलाठी कार्यालयाची आठवण झाली.

कारण हा खेळ आमच्याकडे गोल्फ न खेळताही चालतो. दाखला काढायचा असला की प्रत्येकजण अल्पभूधारक असतो. जमीन मुरमाड, विहिरीला पाणी नाही, भावकीत वाटण्या होऊन काय उरलं ते तुम्हीच बघा साहेब. तोच माणूस आठ दिवसांनी पोराच्या सोयरिकीला बसला की बारमाही बागायतदार असतो. ऊस आहे, डाळिंब आहे, दोन बोअर आहेत, आणि तिसरा घ्यायचा चाललाय. दोन्हीकडे सातबारा तोच. मैदानात उतरायच्या आधी माणसाला खालच्या गटात जागा हवी असते, आणि मैदानाबाहेर आल्यावर वरच्या. गटवारी करणाऱ्या प्रत्येक पंचाची, समितीची आणि तलाठ्याची सगळी हयात या दोन दाव्यांच्या मधला खरा माणूस शोधण्यात जाते.

तराजू आला की हे सगळं मिटेल असं वाटलं होतं. कुस्तीत वजनी गट आले: सत्तावन्न, एकसष्ट, पासष्ट, सत्तर करत करत वर सव्वाशेपर्यंत. तराजू कुणाचा भाऊबंद नसतो हे खरं. पण तराजू आल्याबरोबर पैलवान त्यालाही फसवायला शिकले. वजनाच्या आदल्या रात्री पाणी बंद, अंगावर रग घालून पळणं, तोंडात थुंकी साठवून बाहेर टाकणं. एका गटाने खाली उतरायचं, वजन दिलं की भरपेट खायचं आणि आपल्यापेक्षा लहान चणीच्या गड्याशी भिडायचं. हा डाव सगळं जग खेळतं आणि कधी तो अंगावर उलटतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगट पन्नास किलोच्या गटात ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. रात्रभर घाम काढला, केस कापले, तरी सकाळी काटा शंभर ग्रॅम जास्त दाखवत होता. अंतिम कुस्ती गेली आणि पदकही गेलं. हगाम्यातला कुठलाही पंच शंभर ग्रॅमसाठी जोड मोडता ना. पण मग हेही खरं, की त्याच्या हातून दोन-चार किलोही सहज निसटले असते.

आणि तरीही वजनी गटांचे आपण मराठी लोकांनी पाय धरावेत अशी एक गोष्ट आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले; स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते बँटमवेटमध्ये लढले, सत्तावन्न किलोंच्या आतल्या गटात. एवढ्या वजनाचा गडी जत्रेत उतरला असता तर त्याची कुस्ती दुपारी चारला, लोक अजून भेळ खात असताना होऊन गेली असती. शेवटच्या मोठ्या कुस्तीला त्याला कुणी विचारलं नसतं. तो गट होता म्हणून गोळेश्वरचं नाव तिथे पुकारलं गेलं.

आपलं मन मात्र अजून शेवटच्या कुस्तीतच अडकलेलं आहे. महाराष्ट्र केसरीची गदा वरच्या, जड गटालाच मिळते. सत्तावन्न किलोत राज्यात पहिला आलेला पोरगा सुवर्णपदक गळ्यात घालून एसटीने घरी जातो. त्याचं नाव त्याच्या वस्तादाला आणि आईला तेवढं पाठ असतं. नगरला २०२५ च्या फेब्रुवारीत वाडिया पार्कच्या मैदानावर सदुसष्टावी महाराष्ट्र केसरी झाली. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटी समोरासमोर आले आणि पृथ्वीराज मोहोळने गदा घेतली. सगळ्यांना तेवढंच आठवतं, आणि त्याहून जास्त पंचाच्या निर्णयावरून झालेला राडा आठवतो. पुढच्याच महिन्यात आमच्याच जिल्ह्यात, कर्जतला, दुसरी महाराष्ट्र केसरी झाली आणि ती वेताळ शेळकेने जिंकली. ही सहासष्टावी. सदुसष्टावी आधी आणि सहासष्टावी नंतर, कारण पैलवानांचे गट वजनावर पडतात, पण त्यांच्या संघटनेत जे गट पडले ते कुठल्या काट्यावर मोजायचे, हे अजून ठरलेलं नाही.

या बाबतीत सर्वांत सज्जन प्राणी म्हणजे बैल. तो कधीही वजन चोरत नाही. शर्यतीच्या बैलाचा गट त्याच्या दातांवर ठरतो: दुधाचे दात असलेला तो आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, आणि पुढे ज्याला कसलीच अट नाही असा ओपन. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. जो काही हिशेब असतो तो खालच्या आठ दातांचा. काष्टीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात मुरलेला माणूस बैलाचा ओठ अंगठ्याने खाली ओढतो, क्षणभर बघतो आणि सोडतो. कागद लागत नाही, सही लागत नाही. मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, तिथेही गाढवाचं वय दातांवरच सांगतात, आणि गाढवाने त्यावर हरकत घेतल्याचं उदाहरण नाही. बैलाचा मालक मात्र बैलाइतका भोळा नसतो. दुसरा दात हिरडीतून डोकावतोय की नाही, यावर आदतच्या मैदानात असा वाद झडतो की उच्च न्यायालयाने ऐकावा. बाकी न्यायालयांनी या शर्यतींचं पुष्कळ ऐकलेलंच आहे: २०१४ मध्ये बंदी, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी, आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल, महाराष्ट्राचा कायदा बरोबर म्हणून.

पारनेर-संगमनेरकडे घाटात जे गाडे पळतात, त्यांची तऱ्हा मला सगळ्यांत आवडते. तिथे गाड्याला गाडा भिडत नाही. एक बारी एकटीच चढ चढते आणि घड्याळ सेकंद मोजतं. ठरलेल्या सेकंदांच्या आत आलेले सगळे गाडे ‘पहिल्या नंबरात’, त्यानंतरचे दुसऱ्या, त्यानंतरचे तिसऱ्या. म्हणजे गट आधी नाही, नंतर पाडायचे. तू कोण आहेस हे तू सांगू नकोस, तुझ्या बापाने सांगू नये, पळून दाखव, मग आम्ही बघू तुला कुठे बसवायचं. पहिल्या नंबरात दहा गाडे आले तर इनामाचे दहा वाटे होतात आणि प्रत्येक मालकाच्या हाती पेढ्यांपुरते पैसे पडतात, ही गोष्ट वेगळी. पण गावात परतताना दहाही मालक गुलालाने माखलेले असतात, दहाही गाडे पहिले असतात, आणि कुणी कुणाला सँडबॅगर म्हणत नाही. भाच्याला मी हे सुचवून पाहिलं. तो म्हणाला, “मामा, मग करंडक किती बनवायचे?” बरोबर आहे, गुलाल स्वस्त पडतो.

माणसाच्या पोराचे दात बघायची सोय नाही, म्हणून शाळेच्या स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात आणि जन्मतारीख बघितली जाते. आता जन्मतारीख म्हणजे आमच्याकडे काय, हे ज्याने गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर पाहिलंय त्याला सांगायला नको. पोरगा शाळेत घालायला आणला की गुरुजी विचारत, “कधीचा?” बाप सांगे, “बाजरी काढणीला होती तवाचा.” गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत, धरता आला की सहा वर्षं पूर्ण. मग जून महिना, पहिली तारीख. एका दिवसात अख्खा वर्ग जन्माला येई. आजही एक जूनला आमच्या भागातल्या व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी सहापासून वाढदिवसांचे केक येऊ लागतात. अर्ध्या पंचायत समितीचा, निम्म्या सोसायटीचा आणि जवळजवळ सगळ्या भजनी मंडळाचा वाढदिवस. त्या गुरुजींनी वर्गातल्या सगळ्या पोरांना एका झटक्यात तुल्यबळ करून टाकलं, आणि तेही हँडिकॅपचं नाव न ऐकता. त्यांच्या कृपेने मिसरूड फुटलेले किती ‘चौदा वर्षांखालील’ वीर जिल्ह्यापर्यंत कबड्डी खेळून आले, याची मोजदाद नको करायला.

टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये तर गटवारीचा प्रश्न वयाचा नाही, गावाचा आहे. पत्रकावर ठळक अक्षरांत असतं: एक गाव, एक संघ, आधार कार्ड सक्तीचं. कारण पहिलं बक्षीस मोठं असलं की ज्या गावात अकरा पोरं नीट पळू शकत नाहीत, त्या गावाकडून अचानक दूरदूरचे दांडगे फलंदाज उतरायला लागतात. कुणाची आत्या त्या गावात दिलेली असते, कुणाचा आजोळचा मळा असतो. समितीने यावर तोड म्हणून एका बाहेरच्या खेळाडूला रीतसर परवानगी दिली आणि त्याला ‘आयकॉन’ असं नाव ठेवलं. म्हणजे लबाडी संपवता येत नसेल तर तिला मोजकी जागा द्यायची. यूएसजीएने पाच फटक्यांची मर्यादा घातली ती याच शहाणपणाने.

भाच्याचं पुढे वाईट झालं. सी डिव्हिजन जिंकल्यामुळे त्याचा आकडा कापला गेला आणि तो बी डिव्हिजनमध्ये चढला. तिथे तो नियमाने शेवटून तिसरा येतो. बढती मिळाल्यापासून त्याला करंडक नाही, साहेबांची शाबासकी नाही, आणि आजीला अजून अ तुकडी हवीच आहे. “मामा, सीमध्ये किती बरं चाललं होतं,” तो परवा म्हणत होता. मी त्याला सांगितलं, लेका, चांगलं खेळल्याबद्दल माणसाला शिक्षा व्हायचीच; पंचांकडे त्यावर औषध नाही. त्याला ते फारसं पटलं नाही. तो हल्ली म्हणे दोन हातांवरचे चेंडू जरा जास्तच चुकवतो. मी काही विचारलं नाही.

यंदा जत्रेला तो आला होता, म्हणून त्याला हगाम्याला नेलं. मोठी कुस्ती झाली, फेटे बांधून झाले, आणि कुणीतरी टूम काढली की जुन्या दोन पैलवानांची एक मानाची कुस्ती लावा. एकेकाळी दोघांनीही तालुका गाजवलेला. जन्मभर दोघं एकमेकांपेक्षा आपण कसे सरस हे पारावर बसून सांगत आलेले. दोघांना आखाड्यात आणून उभं केलं आणि पंच हात मिळवणार, तेवढ्यात पहिल्याने हात मागे घेतला.

“पंच, जोड बघून लावा. ह्यो माझ्यापेक्षा धाकटा हाय. बाहत्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला हुतो, तवा ह्यो ताटली घेऊन सुकडीच्या लायनीत हुबा ऱ्हायचा.”

“आन् तू काय उपास करत हुतास का?” दुसरा म्हणाला. “सुकडी तूबी खायचास, दोनदा. पंच, ह्याचं अंग बघा आन् माझं बघा. माझे गुडघे गेल्यात. ह्याच्यापुढं मी म्हंजी निव्वळ पाप्याचं पितर.”

“माझी पाठ बघा की मग! डॉक्टरनं वाकू नको म्हणून सांगितलंय.”

“मला एका डोळ्यानं दिसत न्हाई!”

गर्दी हसून लोळायला आली. हलगीवाला थांबला. पंचाने दोघांना पाठीला पाठ लावून बघितलं, खांदे दाबले, काही ठरेना. शेवटी तो म्हणाला, “आधार कार्ड आहे का कुणाकडे?” दोघांच्याही नातवांनी मोबाइलवर फोटो काढून दाखवला. पंचाने चष्मा वर केला, एक वाचलं, दुसरं वाचलं, आणि दोन्ही मोबाइल परत दिले.

“दोघांचीबी एक जून एकोणीसशे पंचावन्न. तोलामोलाची जोड हाय. वाजव रं हलगी!”